शाबीत होईपर्यंत

"ती खुर्ची उचल रे," अध्यक्षांनी शिपायाला सांगितलं. मी अजून तिच्यावर बसलेलो होतो.

शिपायानं खुर्चीच्या पाठीला हात लावला आणि थांबला. माणूस बसलेली खुर्ची उचलायची कशी, ते त्याला कळेना. तो माझ्याकडं बघायला लागला. अध्यक्ष समोरच्या कागदावरून नजर न काढताच म्हणाले, "तुझ्यावर अर्ज आलाय. बाईमाणसाच्या अब्रूचा मामला आहे. चौकशी होईपर्यंत तू सभासदांत बसायचं नाहीस. बाहेर ओट्यावर थांब."

मी उठलो.

हे सांगताना अजून जीभ जड होते. मी उठलो. भांडलो नाही, का म्हणून विचारलं नाही. पाय आपोआप सरळ झाले. 'बाहेर थांब' म्हटलं की उठायचं, हे माझ्या बापाच्या पायांना ठाऊक होतं, आज्याच्या पायांना ठाऊक होतं. मी सातवी पास झालेला, मतं घेऊन निवडून आलेला, अंगात कोट घातलेला माणूस. पण पाय त्यांचेच निघाले.

दारापर्यंत गेल्यावर मागं वळून म्हणालो, "साहेब, मी दोन शब्द बोलू का?"

"चौकशीत बोल."

"चौकशी कधी आहे?"

"ठरवू," अध्यक्ष म्हणाले आणि पुढचा विषय पुकारला.

लढाई नुकतीच संपलेली. इंग्रज जाणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं आणि गेल्यावर कोण कुठं बसणार याची घाई सुरू झाली होती. मी शेवगावकडचा. बाप गावकीची कामं करायचा, मेलेली जनावरं ओढायचा. मला मिशनच्या शाळेनं अक्षर दिलं. नगरच्या जिल्हा लोकल बोर्डात आमच्या लोकांसाठी राखीव जागा होती, तिच्यावर मी निवडून आलो. पहिल्या सभेला निघालो त्या सकाळी माझ्या बायकोनं, सोनानं, तांब्यात निखारे घालून माझ्या कोटाला इस्त्री केली होती. कोट जुना होता, पण घड्या नव्या होत्या.

सभेत माझी खुर्ची खिडकीजवळ, शेवटची. माझ्या शेजारची खुर्ची कायम रिकामी राहायची. कोणी काही बोलायचं नाही. जो तो दुसरीकडं बसायचा. मला वाटायचं, हेही थोडं नाही. आत तर आहोत.

आणि आता मी ओट्यावर होतो. तिथं अर्ज घेऊन आलेली माणसं बसलेली असत. कोणाला रस्ता पाहिजे, कोणाला शाळेवर पत्रे. त्यांच्यात आमच्या तालुक्यातला एक शेतकरी होता. त्यानं मला ओळखलं.

"काय सायेब, भाईर कसं?"

"आत लई उकडतंय," मी म्हणालो.

पौष महिना होता. तो शेतकरी घोंगडी पांघरून बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

अर्ज कसला होता ते सांगतो.

नेवाशाच्या अलीकडं नदीकाठी एक गाव आहे. तिथं बोर्डानं विहीर बांधलेली. बोर्डाची विहीर सगळ्यांना खुली, असा हुकूम होता, पण गावानं आमच्या लोकांना तिच्यावर येऊ दिलं नव्हतं. त्यांनी मला बोलावलं. मी बोर्डाच्या ओव्हरसियरला बरोबर घेऊन गेलो. ओव्हरसियर चावडीत चहाला बसला. मी विहिरीवर गेलो. दुपारची वेळ. एक बाई पाणी शेंदत होती. एका बाजूचा कठडा ढासळलेला होता आणि ती नेमकी तिथंच पाय देऊन उभी होती.

मी लांबूनच म्हणालो, "माय, जरा अलीकडं व्हा. तिथला दगड सुटलाय."

तिनं पदर पुढं ओढला, घागर उचलली आणि गेली. मग मी पोहरा सोडला, पाणी काढलं आणि प्यालो. आमच्यातली चार माणसं लांब उभी राहून बघत होती. त्यांनाही पाजलं. बस्स. एवढंच झालं.

आठ-दहा दिवसांनी बोर्डाकडं अर्ज गेला. अमुक सभासदानं विहिरीवर एकट्या बाईचा हात धरला. खाली गावकऱ्यांच्या सह्या, अंगठे. पाणी प्यालो, विहीर बाटवली, असं त्यात कुठं नव्हतं. तसं लिहिलं असतं तर बोर्डाचा हुकूम आडवा आला असता. बाईचा हात धरला म्हटल्यावर कोणता हुकूम आडवा येणार?

मी नगरहून गावी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. वेशीपासून घरापर्यंत कोणी मला हाक मारली नाही. एरवी पोरंसुद्धा 'मेंबर आला, मेंबर आला' म्हणून मागं लागायची.

सोना चुलीपुढं होती. मी कोट काढला. तिनं तो नेहमीसारखा हातात घेतला नाही. भाकरी थापता थापताच म्हणाली, "तुमी धरला का हात?"

मी भिंतीला टेकून बसलो. मनात राग आला की हिनं, हिनंसुद्धा विचारावं? मी म्हणालो, "तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय करू? मी हुते का तितं? तुमी सांगा."

"नाही धरला."

तिनं भाकर तव्यावर टाकली. हात परातीत तसेच ठेवून बसली. मग म्हणाली, "मला इचारावं लागलं बगा. त्याचीच लाज वाटती."

तिला माझं खरं वाटलं का, हे मला त्या दिवशी कळलं नाही. तिनं जेवायला वाढलं. जेवताना समोर बसली नाही. माझी मोठी मुलगी दारात उभी राहून माझ्या हाताकडं बघत होती. मी हात ताटाखाली घेतला. काही केलेलं नसताना घेतला. ती लाज कशाची होती? मी तेव्हा शोधत बसलो नाही. ती अंगावर चढली आणि राहिली.

आमच्यातले दोन म्हातारे सांगायला आले. म्हणाले, "मापी माग आन मोकळा हो. मोठ्याच्या तोंडी कशाला लागतो?"

"केलं नाही त्याची माफी मागू?"

"आरं, आपन आजवर काय केलं म्हनून मागत आलो?"

त्यांनी ते चिडून म्हटलं नाही. हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

मग मी त्या नदीकाठच्या गावी गेलो. गावात नाही, आमच्या लोकांच्या वस्तीत. त्या बाईच्या घराकडं मी पाऊल टाकलं नाही. ती माझ्या बाजूनं बोलेल का, हे विचारायला गेलो असतो तर तिच्या घरातल्यांनी तिची हाडं मोडली असती. आणि मी तिच्यावर दाब आणला असाच त्याचा अर्थ झाला असता. कदाचित खरंच दाब पडलाही असता.

विहिरीच्या कडेनं बाभळीच्या काट्या रचलेल्या होत्या. आमच्या बाजूनं. गावाच्या बाजूनं वाट मोकळी.

"पाटील म्हनला, मेंबरची चौकशी हुईस्तोवर तुमी यायचं न्हाई," एका म्हातारीनं सांगितलं. ती नदीच्या वाळूतल्या झिऱ्यावरून पाणी घेऊन येत होती. डोक्यावरची घागर तिनं उतरवली नाही. तशीच उभी राहून म्हणाली, "लेकरा, तू आला नसता तर बरं झालं असतं. आमी आशेला तरी हुतो."

काय बोलणार? माझ्या चौकशीची तारीख नव्हती. तिच्या पाण्याचीही तारीख नव्हती.

पुढच्या सभेची नोटीस आली तेव्हा मी जाणार नव्हतो. सोनानं कोट खुंटीवरून काढला आणि झटकून माझ्या पुढ्यात ठेवला. "वट्यावर बसवत्यात तर बसा. पर जा," म्हणाली. एवढंच.

मी गेलो. शिपायानं मला बघून मान खाली घातली. मी स्वतःच ओट्यावर बसलो. दार उघडं होतं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

त्या दिवशी एका मास्तरीणबाईचा अर्ज निघाला होता. कोल्हारच्या बाजूला एका गावात मुलींच्या शाळेवर ती होती. मार्थाबाई. ख्रिस्ती. तिचा आजा आमच्यातलाच, मिशनमध्ये गेलेला. नवरा वारलेला. तिचा अर्ज अध्यक्षांवर होता. बदलीच्या कामासाठी त्यांनी तिला डाकबंगल्यावर बोलावलं, आत गेल्यावर दार लावून घेतलं आणि तिच्या अंगाला हात घातला. ती खिडकीतून उडी मारून निघाली. असं तिनं लिहिलं होतं, आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली होती.

अध्यक्ष आपल्या जागेवर बसून होते. त्यांच्यावरच्याच अर्जाचा विषय त्यांनीच पुकारला.

एक सभासद भीत भीत म्हणाला, "ह्या विषयापुरतं अध्यक्षांनी खाली बसावं, असं मला वाटतं."

तेव्हा वकील सभासद उठले. बोर्डात दोन तट होते आणि वकील अध्यक्षांच्या तटातले. आवाज गोड. ते म्हणाले, "खाली का बसावं? खाली बसले म्हणजे लोक म्हणतील, काहीतरी होतं. गृहस्थहो, गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष असतो. हा कायदा आहे. सुधारलेल्या जगाचा कायदा आहे. कोणीही उठावं, अर्ज करावा आणि माणसाला जागेवरून उठवावं, असं व्हायला लागलं तर सार्वजनिक काम करायचं कोणी?"

मी ओट्यावरून उठून दाराशी गेलो.

मी हे वाक्य जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. गुन्हा शाबीत होईपर्यंत माणूस निर्दोष. मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं चांगलं वाक्य ह्या खोलीत होतं आणि दोन महिन्यांपूर्वी ते कोणाला आठवलं नव्हतं. हेच वकील तेव्हा तिसऱ्या खुर्चीवर बसून दात कोरत होते.

मग मार्थाबाईला आत बोलावलं. ती माझ्या शेजारून आत गेली. पांढरं लुगडं, हातात छत्री. तिला बसायला सांगितलं नाही. वकील विचारायला लागले.

"दार कोणी लावलं?"

"अध्यक्षांनी."

"तुम्ही ओरडला का नाहीत?"

"ओरडले. बंगल्यावर कोणी नव्हतं."

"बदली तुम्हाला पाहिजेच होती ना?"

"हो."

"तुमचे यजमान वारून किती वर्षं झाली?"

कोणीतरी हसलं. मार्थाबाईनं छत्री दुसऱ्या हातात घेतली. तिचे शब्द सरळ होते. "साहेब, मी लिहिलंय ते खरं आहे. माझ्या नवऱ्याचं इथं काय काम?"

अध्यक्ष पेन्सिलीला टोक करत होते.

मी बघत होतो. जो आत बसलेला, तो शाबीत होईपर्यंत निर्दोष. आणि ही जी उभी आहे ती? ती तर आत्ताच खोटी ठरलेली. तिनंच आपलं खरेपण शाबीत करायचं, तेही त्याच्याच पुढ्यात.

चहाची सुट्टी झाली. वकील सभासद बाहेर आले आणि सरळ माझ्याकडं आले. हातात दोन कप. एक मला दिला.

"तुम्ही इथं कसे बसलात?" म्हणाले. त्या बोर्डात मी पहिल्यांदा 'तुम्ही' झालो. "तुमच्या बाबतीत जरा घाईच झाली. आम्ही मागाहून बोललो त्यावर."

मी कप हातात धरून उभा राहिलो.

"मतं काट्यावर आलीत," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही आत या. बाईचा अर्ज निराधार म्हणून दप्तरी दाखल करायचा, असा ठराव आहे. तुम्ही हात वर करा. तुमच्यावरचा अर्जही त्याच बैठकीत दप्तरी दाखल. विहिरीवरच्या काट्याही निघतील, मी पाटलाला सांगतो. तुमच्या लोकांना पाणी, तुम्हाला मान."

मी चहाला तोंड लावलं नाही.

मग ते जवळ आले. "आणि हे बघा, खोटा आळ काय असतो ते तुमच्याइतकं इथं कोणाला ठाऊक आहे? तुम्हाला तर अध्यक्षांचं दुःख कळायला पाहिजे."

ते बोलणं मला लागलं. बाकीचं सगळं मी झटकून टाकलं असतं, हे झटकता येईना. कारण ते खरं होतं. मी त्या डाकबंगल्यात नव्हतो. मी काय बघितलं होतं? माझ्यावर खोटा आळ येऊ शकतो, तर त्यांच्यावर का येऊ शकत नाही? ते मोठ्या जातीचे आहेत, मला त्यांनी उठवलं, म्हणून ते गुन्हेगार, असं मी धरलं तर मी आणि ते गाववाले सारखेच. आणि ती म्हातारी डोक्यावर घागर घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. हात वर केला की तिला पाणी. एक हात.

मला हात वर करावासा वाटला. ओट्याचा मला वीट आला होता. मुलीच्या नजरेचा वीट आला होता.

आवारात मार्थाबाई आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर पायरीवर बसली होती. मी तिच्याकडं गेलो. मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. समोर जाऊन मी नमस्कार केला.

"बाई, मी बोर्डाचा सभासद आहे. तुम्हाला एक विचारायचं होतं."

ती उठून उभी राहिली आणि दोन पावलं मागं सरकली. आईचा हात तिनं घट्ट धरला. "मला माहीत आहे तुम्ही कोण ते," म्हणाली. "तुमच्यावरही बाईचा हात धरल्याचा अर्ज आहे. मी तुमच्याशी कशाला बोलू?"

मला कानशिलात बसल्यासारखं झालं.

"तो अर्ज खोटा आहे, बाई."

"तेही तसंच म्हणतात," ती म्हणाली.

मी उभा राहिलो. मला तिचा राग आला नाही. ती मला कुठं ओळखत होती? माझ्या 'खोटा आहे' म्हणण्याला तिनं काय किंमत द्यावी? सोनालाही विचारावं लागलं होतं. हिला तर मी परका पुरुष. माझा शब्द तिला पुरत नाही, अध्यक्षांचा शब्द मला पुरत नाही. तिचा शब्द कोणालाच पुरत नाही. मग करायचं काय? जो खुर्चीत आहे त्याचा शब्द मोठा धरायचा?

तिथंच मला उमजलं. ते चांगलं वाक्य वकिलांनी अर्धंच म्हटलं होतं. शाबीत होईपर्यंत निर्दोष. पण शाबीत होतंय की नाही हे बघायला कोणी बसणारच नसेल तर? मग निर्दोष म्हणजे मोकळा सोडलेला. आणि माझ्यासारख्याला चौकशी होईपर्यंत गुन्हेगार म्हणायचं आणि चौकशी करायचीच नाही. दोन्हीकडं चौकशीचंच नाव, आणि चौकशी कुठंच नाही.

मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं. बोलू नका माझ्याशी."

चहा गार झाला होता. मी तो ओट्याच्या कडेला ओतला आणि आत गेलो.

शिपायानं खिडकीजवळची खुर्ची परत आणून ठेवली होती. वकिलांनी मान हलवून बसायची खूण केली. मी बसलो. वकिलांनी ठराव वाचला आणि अध्यक्ष म्हणाले, "मत घेऊ."

मी उठून म्हणालो, "मला बोलायचंय."

"आता मतदान आहे."

"माझ्यावर अर्ज आहे म्हणून मला बाहेर बसवलं होतं. अध्यक्षांवरही अर्ज आहे. माझ्यावरचा अर्ज दप्तरी दाखल करू नका. बाईचाही करू नका. दोन्हींची चौकशी बाहेरच्या माणसाकडून होऊ द्या. प्रांतसाहेब येऊ द्या, नाहीतर कोर्टाचा माणूस येऊ द्या. तोवर मी बाहेर बसतो. अध्यक्षांनीही बाहेर बसावं. माझ्या शेजारी ओट्यावर जागा आहे."

आवाज माझाच होता, पण मला तो परका वाटला. हात मी कोटाच्या खिशात घातले.

अध्यक्षांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "तुझी आणि माझी बरोबरी आहे?"

"अर्जाची आहे," मी म्हणालो.

"त्या बाईनं काय सांगितलं तुला बाहेर?" वकील ओरडले. त्यांचा गोड आवाज गेला होता.

"काही नाही. ती माझ्याशी बोललीसुद्धा नाही. तिला वाटतं मी गुन्हेगार असेन. तिला तसं वाटायचा हक्क आहे, कारण तुम्ही माझी चौकशी केली नाही."

मतं घेतली. मी ठरावाविरुद्ध हात वर केला. दोन्ही बाजूंची मतं सारखी पडली. अशा वेळी अध्यक्षांना एक जादा मत असतं. त्यांनी ते टाकलं. स्वतःवरच्या अर्जावर, स्वतःच्या बाजूनं. अर्ज निराधार ठरला. दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी मान खाली घातली.

मग अध्यक्ष मला म्हणाले, "आता तू बाहेर जा. तुझ्यावर अर्ज आहे."

माझे पाय हलायला लागले. खरंच सांगतो, हलायला लागले. मी टेबल धरलं.

"नाही जात," मी म्हणालो. "शाबीत होईपर्यंत निर्दोष, असं ह्या सभेनं आत्ताच ठरवलं. तुमच्यापुरतं ठरवलं असेल तर तसं लिहा. नाव घालून लिहा. मग जातो."

कोणी लिहिलं नाही. शिपायाला हाक मारली गेली. तो दारात आला, पण आत आला नाही. घाबरला असेल. अध्यक्षांनी सभा तहकूब केली आणि उठून निघून गेले. त्यांच्या मागं त्यांचा तट गेला. खोलीत मी राहिलो. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही.

बाहेर आलो तेव्हा मार्थाबाई आणि तिची आई गेलेल्या होत्या.

पुढं काय झालं ते सांगतो, म्हणजे कोणी गैरसमज करून घेऊ नये. मार्थाबाईची बदली झाली. तिला पाहिजे होती तिथं नाही, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कोरड्या मुलखात, जिथं शाळेला खोलीही नव्हती. ती हजर झाली नाही. नोकरी सोडली. ती कुठं गेली मला कळलं नाही. विहिरीवरच्या काट्या निघाल्या नाहीत. म्हातारी झिऱ्यावरच जात राहिली. मी माझ्या चौकशीसाठी कलेक्टरकडं अर्ज केले. पुन्हा पुन्हा केले. आपल्याच विरुद्ध चौकशी मागणारा माणूस बघून तिथले कारकून हसायचे. चौकशी झाली नाही. अध्यक्ष मुदत संपेपर्यंत अध्यक्ष राहिले. झेंडा बदलला तेव्हा तालुक्याच्या गावी त्यांच्याच हातून वर चढवला गेला.

एकदा नेवाशाच्या बाजारात ती विहिरीवरची बाई मला दिसली. नवऱ्याबरोबर होती. तिनं मला ओळखलं. थबकली. ओठ हलल्यासारखे वाटले. मी बाजूला झालो आणि वाट दिली. तिला कोणी कधी विचारलं होतं का, की तो अर्ज तिच्या नावावर परस्परच गेला, हे मला आजही माहीत नाही. तिला विचारायचा हक्क चौकशी करणाऱ्याचा होता, माझा नव्हता. मी तिला कधी खोटं म्हटलं नाही. म्हणणार नाही.

बोर्डाच्या नव्या निवडणुका आल्या. आमच्यातल्या लोकांनी मला पुन्हा उभं केलं. तेच दोन म्हातारे म्हणाले, "ती इहिरीची गोष्ट काडू नको. लोक इसरल्यात."

लोक विसरले नव्हते. समोरच्या माणसाचे कार्यकर्ते गावोगाव तेच सांगत होते. मी सोनाला विचारलं. ती पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "लोकांनी मागनं बोलन्यापरीस तुमीच तोंडावर सांगा. माज्याम्होरं सांगा."

"तुझ्यासमोर?"

"व्हय. म्या इचारलं हुतं ना तुमाला? मग लोकास्नी बी इचारू द्या."

पहिली सभा आमच्याच वस्तीत झाली. सोना बायकांत पुढं बसली, शेजारी मुलगी. मी बाजेवर उभा राहिलो. अंगावर तीच लाज आली, ताटाखाली हात घेतला तेव्हाची. ती गेलेली नव्हती. अजूनही गेलेली नाही. पण मी तोंड उघडलं.

"माझ्यावर एका बाईचा हात धरल्याचा अर्ज आहे," मी म्हणालो. "तो शाबीत झालेला नाही. खोटाही ठरलेला नाही, कारण चौकशी केली नाही. मी हात धरला नाही, असं मी सांगतो. मी सांगतो म्हणून मानू नका. माझी चौकशी मागा. आणि उद्या दुसरा कोणी मत मागायला आला, हार घालून आला, आपल्या जातीचा आला, तरी त्याच्यावर अर्ज असेल तर त्याचीही मागा. चौकशीच्या आधी त्याला चोर म्हणू नका. पण चौकशी होईपर्यंत न्याय द्यायच्या जागेवर त्याला बसवू नका. मलाही बसवू नका."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा उठून गेला.

मी निवडणुकीत पडलो. त्या भाषणानं पडलो, असं आमचे लोक म्हणतात. असेल. पुढच्या वेळी पुन्हा उभा राहणार आहे. प्रत्येक गावात माझं पहिलं वाक्य तेच असेल, आणि चौकशी होईपर्यंत ते मी बदलणार नाही.